मुक्त सॉफ्टवेअरच्या वाटण्या : कोणती शाखा निवडावी?

शिवाजी पार्कच्या परिसरात व्यायामशाळा, जिमखाना, क्रिकेट क्लब अशा अनेक जुन्या संस्था आहेत. अशा एखाद्या संस्थेला संकेतस्थळ काढायचे झाल्यास पहिला प्रश्न येतो, तो आशय व्यवस्थापन प्रणालीचा. संगणकाची भाषा न जाणणाऱ्या कार्यवाहांनाही सूचना, अहवाल व छायाचित्रे स्वतः प्रसिद्ध करता यावीत, ही सोय अशी प्रणाली करते. वर्डप्रेस, जुमला व ड्रुपल ही त्यांतील परिचित नावे. तिन्ही विनामूल्य असून त्यांची आज्ञावली सर्वांना खुली आहे. मात्र प्रत्येकीला सख्खे भावंडही आहे, आणि निवड करताना गोंधळ होतो तो तेथेच.

भावाभावांत वाटणी झाली, की प्रत्येकाच्या वाट्याची जमीन घटते. मुक्त सॉफ्टवेअरचे तसे नसते. जीपीएल परवान्यामुळे वेगळा होणारा गट सगळीच आज्ञावली बरोबर नेऊ शकतो. मागे राहते ते मूळ नाव. फरक पुढे पडत जातो.

‘मॅम्बो’चा कारभार कोणाच्या हाती असावा, या वादातून त्याचे प्रमुख विकासक २००५ मध्ये बाहेर पडले व त्यांनी ‘जुमला’ सुरू केले. हे नाव ‘सगळे मिळून’ या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून घेतलेले आहे. आपल्या जुन्या हिशेबांतील एकूण बेरजेचा ‘जुमला’ही त्याच अरबी कुळातला. आरंभी दोन्ही प्रणाली जवळजवळ सारख्याच होत्या. परंतु काम करणारी माणसे जुमलाकडे गेली आणि मॅम्बोचा विकास कालांतराने थांबला.

वर्डप्रेसने २०१८ मध्ये लेखनाची पद्धत बदलून मजकूर ठोकळ्यांच्या रूपात मांडण्याची सोय आणली. जुनीच पद्धत हवी असलेल्यांनी ‘क्लासिकप्रेस’ काढले. ते आटोपशीर आहे. मात्र वर्डप्रेससाठी तयार झालेली प्रत्येक नवी जोडणी त्यावर चालेलच असे नाही.

‘मायबोली’, ‘मिसळपाव’ यांसारखी मराठी संकेतस्थळे ड्रुपलवर उभी राहिली. ड्रुपलच्या २०१५ मधील आठव्या आवृत्तीत अंतर्गत रचना इतकी बदलली, की सातवीवरून पुढे जाणे म्हणजे जवळपास नवी बांधणीच ठरली. सातवीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. जुन्या रचनेशी नाते राखणारे ‘बॅकड्रॉप’ २०१५ पासून उपलब्ध असून सातव्या आवृत्तीवरून तेथे जाण्याची वाट त्यात ठेवलेली आहे. छोट्या संस्थेला ती स्वस्त पडू शकते. मोठ्या व गुंतागुंतीच्या कामास ड्रुपलची नवी आवृत्तीच योग्य.

म्हणून सोयींची यादी पाहण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या नियमितपणे येतात का? आणि उद्या ती शाखा सुकली, तर आपला मजकूर सुखरूप बाहेर काढता येईल का? प्रणाली बदलता येते. संस्थेचे वर्षानुवर्षांचे अहवाल व छायाचित्रे एकदा गमावली, की ती पुन्हा मिळत नाहीत.