आठच सामन्यांची लीग कशी काय?



परवा नववीच्या वर्गात सांख्यिकीसाठी मुलींना आवडत्या खेळाचे गुणतक्ते आणायला सांगितले होते. एकीनं इंग्लंडच्या महिला फुटबॉल लीगचा तक्ता आणला, २०१७ चा. चेल्सी पहिली, मँचेस्टर सिटी दुसरी, दोघींचे गुण १९ आणि सामने फक्त ८. "सर, हा तक्ता अर्धवट आहे का?" अर्धवट नव्हता. तो हंगामच तेवढा होता.

उत्तर द्यायला मी बुधवार पेठेतूनच सुरुवात केली. आपल्या पेठेतले दुकानदार पाडव्याला वहीपूजन करतात, पण हिशेब बंद होतो ३१ मार्चला. पूर्वी पुष्कळ व्यापाऱ्यांचं आयकराचं वर्षही दिवाळीचंच असे. सरकारनं सगळ्यांना ३१ मार्चवर आणायचं ठरवलं, तेव्हा १९८७ च्या दिवाळीला सुरू झालेलं वर्ष थेट ३१ मार्च १९८९ ला संपलं. म्हणजे साधारण १७ महिन्यांचं एक वर्ष! मुली हसल्या, पण मुद्दा कळला. वर्षाची सुरुवात सरकवली की मध्ये एखादं वर्ष लांबडं तरी होतं, नाहीतर आखूड तरी.

इंग्लंडमध्ये आखूड झालं. तिथली महिला सुपर लीग २०११ मध्ये सुरू झाली ती उन्हाळी लीग म्हणून. पुरुषांचे सामने थंडीत, त्यामुळे बायकांच्या सामन्यांना उन्हाळ्यात स्वतंत्र प्रेक्षक मिळावा हा हिशेब. पण युरोपातल्या मोठ्या स्पर्धांचं वेळापत्रक वेगळं. म्हणून सप्टेंबर ते मे असा हंगाम करायचं ठरलं. आता अडचण बघा. २०१६ चा हंगाम नोव्हेंबरात संपलेला, नवा सुरू होणार सप्टेंबर २०१७ मध्ये. मधले दहा महिने खेळाडूंनी करायचं काय? त्यात जुलैमध्ये नेदरलँड्सला युरो स्पर्धा. सामन्यांचा सराव नसलेला संघ तिथे कसा पाठवणार? म्हणून मध्ये ही छोटी 'स्प्रिंग सिरीज' बसवली. प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळणार आणि कुणीही खालच्या गटात ढकललं जाणार नाही.

इथे फळ्यावर गणित मांडता येतं. संघ १०, म्हणजे सामने १० × ९ ÷ २ = ४५. पण झाले ३६. का? नॉट्स काउंटीनं आपला महिला संघ पहिल्या सामन्याच्या दोनच दिवस आधी बंद केला. संघ उरले ९, म्हणून ९ × ८ ÷ २. आकडेमोड एका ओळीची आहे, पण त्या नऊ सामन्यांच्या वजाबाकीत एका अख्ख्या संघातल्या मुलींची नोकरी गेली. वर्गात हे सांगितल्यावर जरा शांतता झाली. मी घाईनं पुढे गेलो नाही.

चेल्सी गोलफरकावर जिंकली. तरी तिची लीग विजेतेपदं मोजताना हे सहसा धरत नाहीत. मला हे पटत नाही. आठ सामने खेळून जिंकलेलं जिंकलेलंच की! पण मुलींमध्ये दोन तट पडले, आणि खरं सांगायचं तर विरुद्ध बाजूचे मुद्दे जास्त चांगले होते.

मग एकीनं विचारलं, "आपल्याकडे असं काही आहे का?" आहे, आणि वर्षही तेच. भारताची पहिली महिला लीग २८ जानेवारी ते १४ फेब्रुवारी २०१७ या काळात दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झाली. अंतिम फेरीत सहा संघ, त्यांतला एक आपला, एफसी पुणे सिटीचा. साखळीत प्रत्येक संघाला पाच सामने. इंफाळच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियननं लीग जिंकली.

तारखा मोजल्या तर अठरा दिवस. इंग्लंडचा छोटा हंगाम दोन मोठ्या हंगामांमधला पूल होता. आपल्याकडे मात्र अठरा दिवस हीच त्या वर्षीची अख्खी राष्ट्रीय लीग. एफसी पुणे सिटी हा क्लबही २०१९ मध्ये बंद झाला.

पुढच्या तासाला मुली सहा संघांच्या साखळीचे सामने मोजून आणणार आहेत. उत्तर १५ येतं. पालकांनी आधी सांगू नये, ही विनंती!