घसरलेल्या बास्केटबॉल संघाची पुनर्रचना : ओक्लाहोमा सिटी थंडरचे उदाहरण

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एनबीए, या व्यावसायिक स्पर्धेत 30 संघ आहेत आणि प्रत्येक संघ नियमित हंगामात 82 सामने खेळतो. युरोपातील फुटबॉलप्रमाणे येथे तळाच्या संघाची खालच्या श्रेणीत रवानगी होत नाही. शेवटच्या क्रमांकावर राहिलेला संघ पुढील वर्षी त्याच स्पर्धेत, तेवढ्याच हक्काने उतरतो. उलट नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ज्याला तिथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात, त्याला झुकते माप मिळते. पराभूत संघाला सावरण्याची सोय स्पर्धेच्या नियमांतच असल्यामुळे खेळाडूसंचाची पुनर्रचना हे तेथे जवळजवळ स्वतंत्र शास्त्र बनले आहे.

या शास्त्राचा पाया म्हणजे निवडीचा क्रम. 1966 ते 1984 या काळात दोन्ही विभागांतील तळाच्या संघांमध्ये नाणेफेक होई आणि जिंकणारा संघ प्रथम निवड करी. उत्तम खेळाडू पदरात पडावा म्हणून काही संघ मुद्दाम हरतात, असा संशय बळावल्यावर 1985 पासून सोडतीची पद्धत आली. आजची सोडत मोठी देखणी आहे. यंत्रात 1 ते 14 क्रमांकांचे 14 चेंडू फिरतात, त्यांतील चार बाहेर येतात. त्यांच्या 1001 संभाव्य जुळण्यांपैकी एक बाद धरून उरलेल्या 1000 बाद फेरीला मुकलेल्या 14 संघांत वाटलेल्या असतात. पूर्वी सर्वांत दुर्बल संघाकडे यांपैकी 250 जुळण्या असत. 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी 140 मिळतात. म्हणजे शेवटचे येऊनही पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता केवळ 14 टक्के. डेट्रॉइट पिस्टन्सने 2023-24 मध्ये 14 विजय आणि 68 पराभव अशी कामगिरी केली, एकाच हंगामात सलग 28 सामने गमावले, आणि तरीही सोडतीत त्यांच्या वाट्याला पाचवा क्रमांक आला. 2025 मध्ये मात्र अवघी 1.8 टक्के संधी असलेल्या डॅलस मॅव्हरिक्सला पहिला क्रमांक लाभला.

दुसरा पाया वेतनमर्यादेचा. 1984-85 मध्ये ही मर्यादा आली तेव्हा ती प्रत्येक संघासाठी 36 लाख डॉलर होती. 2024-25 मध्ये ती सुमारे 14 कोटी 6 लाख डॉलरवर पोहोचली. आपल्या खेळाडूंना राखण्यासाठी ती ओलांडण्याची मुभा असते. परंतु मर्यादेपलीकडे गेलेल्या संघाने दुसऱ्या संघाशी खेळाडूंची देवघेव करायची, तर दोन्ही बाजूंच्या वेतनांचा मेळ जवळपास बसावा लागतो. त्यामुळे महागडा आणि निरुपयोगी करार हे एखाद्या संघाच्या गळ्यातले लोढणे ठरते. ते उतरवून घेणाऱ्याला संघ मोबदला देतात, आणि हा मोबदला बहुधा भावी निवडहक्काच्या रूपात असतो. असा हक्क सात वर्षे पुढचासुद्धा विकता येतो. शेतीच्या भाषेत सांगायचे तर हा उभ्या पिकाचा नव्हे, सातव्या वर्षीच्या पिकाचा सौदा होय. 1980 च्या दशकाच्या आरंभी क्लीव्हलँड संघाचे मालक टेड स्टेपियन यांनी पहिल्या फेरीचे हक्क इतक्या उदारपणे वाटून टाकले, की लागोपाठच्या दोन भावी वर्षांचे हक्क कोणालाही विकता येऊ नयेत असा नियम करावा लागला. तो नियम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अमर होण्याचे मार्ग नाना प्रकारचे असतात.

हे हक्क सगळे सारखे नसतात. अटीविना दिलेला हक्क सर्वांत मोलाचा. संरक्षित हक्कात देणारा संघ ठरावीक वरचे क्रमांक स्वतःकडे राखून ठेवतो. तिसरा प्रकार अदलाबदलीचा: त्या वर्षी दोन संघांच्या क्रमांकांपैकी चांगला कोणाकडे जावा, हे हक्कधारक ठरवतो. अटींचा हा तपशील वरवर रुक्ष वाटतो, पण मोठमोठ्या संघांचे भवितव्य त्यानेच ठरवले आहे.

पुनर्रचनेचे स्थूलमानाने दोन प्रकार मानता येतील. काही संघ मुख्य खेळाडू कायम ठेवून भोवतालची माणसे बदलतात. ती खरे तर डागडुजी होय आणि तिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दुसरा प्रकार संपूर्ण उकलीचा, ज्यात नामवंत खेळाडू देऊन टाकले जातात, काही वर्षांचे पराभव पत्करले जातात आणि नव्याने मांडणी होते. या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत बोलके अपयश फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सचे. सॅम हिंकी यांनी 2013 मध्ये सूत्रे घेतल्यावर तीन हंगामांत संघाने 47 सामने जिंकले आणि 199 गमावले. त्यांतल्या शेवटच्या हंगामात तर अवघे 10 विजय. त्यातून जोएल एम्बीडसारखा असामान्य खेळाडू मिळाला आणि 2023 मध्ये तो सर्वोत्कृष्ट खेळाडूही ठरला. मात्र 2016 आणि 2017 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या बेन सिमन्स आणि मार्केल फुल्ट्झ यांच्याकडून अपेक्षित फळ आले नाही. 2001 नंतर 2025 पर्यंत हा संघ विभागीय अंतिम फेरीतही पोहोचला नाही. सोडतीतल्या संधी 2019 मध्ये सपाट करण्यामागे फिलाडेल्फियाचा हा प्रयोग हेही एक कारण होते. हरण्याने केवळ सोडतीचे तिकीट मिळते. खरे भांडवल प्रतिस्पर्ध्याच्या घाईतून मिळते, आणि हे ओळखण्यात ओक्लाहोमा सिटी थंडरचे सरव्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांचे वेगळेपण आहे.

हा संघ मूळचा सिएटलचा. 2008 मध्ये तो ओक्लाहोमात आला. शहराची लोकसंख्या सुमारे 7 लाख, त्यामुळे न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसप्रमाणे करारमुक्त तारे आपण होऊन इकडे वळतील, अशी आशा ठेवता येत नाही. प्रेस्टी यांनी 2007 ते 2009 या सलग तीन वर्षांत केव्हिन ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन यांना निवडले. तिघेही पुढे सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब मिळवणारे! 2012 मध्ये या त्रयीने अंतिम फेरी गाठली. परंतु त्याच वर्षी हार्डनच्या नव्या कराराची रक्कम जुळली नाही आणि तो ह्यूस्टनला गेला. 2016 मध्ये ड्युरंटही सोडून गेला. 2017 मध्ये व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटास सबोनिस हे दोघे इंडियानाला देऊन पॉल जॉर्जला आणले गेले, पण संघ बाद फेरीत पहिल्याच पायरीवर अडखळत राहिला.

जुलै 2019 मध्ये संधी आली. टोरँटोला विजेतेपद मिळवून देऊन करारमुक्त झालेला कवाय लेनर्ड लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे येण्यास राजी होता, पण त्याला सोबतीला पॉल जॉर्ज हवा होता. जॉर्जचीही जाण्याची इच्छा होती. क्लिपर्सला दोन तारे एकाच वेळी मिळणार होते, म्हणून प्रेस्टी यांनी किंमतही दोघांची लावली: पहिल्या फेरीचे पाच निवडहक्क, दोन अदलाबदलीचे हक्क, अनुभवी डॅनिलो गॅलिनारी, आणि एकच हंगाम खेळलेला, सामन्यागणिक 10.8 गुणांची सरासरी असलेला शे गिल्जस-अलेक्झांडर. काही दिवसांत वेस्टब्रुक ह्यूस्टनला गेला आणि त्याच्या बदल्यात ख्रिस पॉलसह आणखी हक्क आले. क्लिपर्सला विजेतेपद मिळाले नाही आणि 2024 मध्ये करारमुक्त झालेला जॉर्ज त्यांना काहीही मोबदला न देता फिलाडेल्फियाला निघून गेला.

थंडरसाठी 2020 नंतरची दोन वर्षे खडतर होती. 2020-21 मध्ये 22 विजय, नंतरच्या वर्षी 24. 2 डिसेंबर 2021 रोजी मेम्फिसने थंडरला 152-79 असे हरवले. 73 गुणांचा तो फरक एनबीएच्या इतिहासातील सर्वांत मोठा ठरला. याच काळात प्रेस्टी इतर संघांची लोढणी उतरवून घेत होते. अल हॉरफर्ड, केंबा वॉकर, डेरिक फेव्हर्स यांचे अवजड करार आले आणि प्रत्येकासोबत पहिल्या फेरीचा एकेक हक्क आला. सगळेच हक्क फळले असे नव्हे. वेस्टब्रुकच्या सौद्यातील हक्कानुसार 2021 मध्ये ह्यूस्टनचा क्रमांक पहिल्या चारांबाहेर गेला असता, तर पाचवा क्रमांक थंडरला मिळाला असता. तो दुसरा निघाला. हॉरफर्डसोबत आलेला फिलाडेल्फियाचा 2025 चा हक्क पहिल्या सहा क्रमांकांपुरता संरक्षित होता आणि तो तिसरा निघाल्याने फिलाडेल्फियाकडेच राहिला. हक्कांची संख्या मोठी ठेवण्याचे कारण हेच: काही बुडणार, हे गृहीतच असते.

2022 च्या निवडीत हा साठा कामी आला. स्वतःच्या दुसऱ्या क्रमांकावर थंडरने सात फूट एक इंच उंचीचा चेट होल्मग्रेन घेतला आणि क्लिपर्सकडून मिळालेल्या बाराव्या क्रमांकावर सँटा क्लारा विद्यापीठाचा जेलन विल्यम्स. होल्मग्रेनच्या पायाला दुखापत झाली आणि त्याचे पहिले वर्ष वाया गेले, तरी व्यवस्थापनाने घाई केली नाही. उरलेला संच पाहिला तर शोधक नजरेचे कौतुक वाटते. ल्यूगेंट्झ डॉर्टला 2019 च्या ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नव्हते. ॲरन विगिन्स 55 व्या क्रमांकाचा. आयझाया जो हा फिलाडेल्फियाने करारातून मुक्त केलेला नेमबाज. प्रशिक्षक मार्क डेगनॉल्टही थंडरच्याच विकास संघात, ओक्लाहोमा सिटी ब्लूमध्ये, घडलेले आणि वयाच्या 35 व्या वर्षी मुख्य प्रशिक्षकपदी बढती मिळालेले.

खरी कसोटी पुढे होती. 2023-24 मध्ये 57 सामने जिंकून संघ पश्चिम विभागात अव्वल आला, पण बाद फेरीत उणिवा उघड्या पडल्या. साचलेले हक्क उधळून एखादा बडा तारा आणण्याचा मोह अशा वेळी होतो. प्रेस्टी यांनी 2021 मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलेला जॉश गिडी शिकागोला देऊन बचावपटू ॲलेक्स करुसोला आणले. एकही निवडहक्क खर्ची पडला नाही. करुसो कारकिर्दीच्या आरंभी डेगनॉल्ट यांच्याच हाताखाली ब्लूकडून खेळला होता. बास्केटखालील ताकदीसाठी करारमुक्त आयझाया हार्टेनस्टाईनशी तीन वर्षांचा 8 कोटी 70 लाख डॉलरचा करार झाला. आता संघात पाच-सहा उत्तम बचावपटू एकाच वेळी उपलब्ध झाले. 2024-25 मध्ये 68 विजय, 14 पराभव; गिल्जस-अलेक्झांडरची सरासरी 32.7 गुण आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान. 22 जून 2025 रोजी अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात इंडियाना पेसर्सचा 103-91 असा पराभव करून थंडरने विजेतेपद मिळवले.

या अंतिम लढतीत एक विलक्षण योग दडलेला आहे. इंडियानाचा सूत्रधार टायरीज हॅलिबर्टन फेब्रुवारी 2022 मध्ये सॅक्रमेंटो किंग्जकडून आला, तो मुख्यतः सबोनिसच्या बदल्यात. आणि सबोनिस इंडियानाला मिळाला होता तो 2017 च्या पॉल जॉर्ज सौद्यात. म्हणजे एकाच खेळाडूच्या दोन देवघेवींतून दोन्ही अंतिम स्पर्धक उभे राहिले. मराठी वाचकाने आणखी एक नोंद ठेवावी: भारतातील पहिले एनबीए सामने ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, ते इंडियाना आणि सॅक्रमेंटो या दोन संघांतच. सबोनिस तेव्हा इंडियानाच्या संचात होता, तर सॅक्रमेंटोचे प्रमुख मालक विवेक रणदिवे जन्माने मुंबईकर आहेत.

विजेतेपदानंतर प्रश्न उरतो तो खर्चाचा, म्हणजे 2012 मध्ये हार्डनच्या वेळी पडलेलाच. जुलै 2025 मध्ये गिल्जस-अलेक्झांडरशी चार वर्षांचा सुमारे 28.5 कोटी डॉलरचा करार झाला. होल्मग्रेन आणि विल्यम्स यांचेही पाच वर्षांचे मोठे करार झाले. 2023 च्या वेतनकरारानुसार सर्वांत वरची खर्चरेषा ओलांडणाऱ्या संघाला देवघेवीत अनेक खेळाडूंची वेतने एकत्र जोडता येत नाहीत आणि सात वर्षे पुढचा निवडहक्कही गोठतो. अशा वेळी ठरावीक वेतनश्रेणीत चार वर्षे खेळणारे नवोदित हाच आधार उरतो. विजेतेपदानंतर तीनच दिवसांनी झालेल्या ड्राफ्टमध्ये थंडरने आपला तिसावा क्रमांक देऊन क्लिपर्सचा चोविसावा घेतला, कारण 2019 च्या सौद्यात तसा हक्क होता, आणि तो चोविसावा लगेच सॅक्रमेंटोला देऊन पुढील वर्षांतला पहिल्या फेरीचा आणखी एक हक्क पदरात पाडून घेतला. त्या सौद्यातील शेवटचा हक्क 2026 चा.