पाव ओळखणारं यंत्र आणि बाहेरून आलेला जाणकार

जपानच्या नकाशावर ३५ अंश उत्तर अक्षांश आणि १३५ अंश पूर्व रेखांश जिथे एकमेकांना छेदतात, तिथे ह्योगो प्रांतात निशिवाकी नावाचं लहानसं शहर आहे. देशाच्या मधोमध असल्यामुळे त्याला ‘जपानची बेंबी’ म्हणतात. शहर आपल्या इचलकरंजीसारखं, मागांच्या खडखडाटावर वाढलेलं. आधी सूत रंगवून मग विणलेल्या इथल्या सुती कापडाला ‘बानशू-ओरी’ म्हणतात. १७९२ साली देवळं बांधणाऱ्या एका स्थानिक सुतारानं क्योतोच्या निशिजिन पेठेतून विणकामाची विद्या आणली आणि हा धंदा उभा राहिला, असं तिथे सांगतात.

याच शहरात १९८२ साली हिसाशी काम्बे यांनी ‘ब्रेन’ नावाची छोटी कंपनी काढली. कापडावरची नक्षी माग चालवण्याआधीच पडद्यावर दिसावी, असं सॉफ्टवेअर ते विणकरांसाठी बनवत. पुढे एका बेकरीवाल्यानं त्यांच्याकडून जे यंत्र बनवून घेतलं, त्याची हकिकत प्रत्येक लहान धंदेवाल्यानं मुळातून समजून घ्यावी अशी आहे. दुकानात कृत्रिम बुद्धिमत्ता बसवायला बाहेरचा माणूस बोलवावा का, आणि बोलावला तर त्याच्याकडून नेमकं काय घ्यावं, याचं इतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

जपानी बेकरीची रीत आपल्याहून वेगळी. गिऱ्हाईक आत शिरतं, एक तबक आणि चिमटा उचलतं आणि मांडणीवरचे हवे ते पाव स्वतःच तबकात घेतं. गोड सारणाचा अन-पान, वरून चौकटी पाडलेला मेलन-पान, तळलेला करी-पान, शिवाय ऋतूप्रमाणे बदलणारे कितीतरी प्रकार. गल्ल्यावरच्या माणसानं तबकाकडे बघायचं, एकेक पाव ओळखायचा, त्याचा भाव आठवायचा आणि बिल करायचं. पाव उघडा, त्यामुळे बारकोड लावायची सोय नाही. २००७ साली ब्रेनकडे आलेल्या बेकरीवाल्याला आपल्या धंद्यातल्या दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या: मालाचे प्रकार वाढवले की विक्री वाढते, आणि वेष्टनातल्या मालापेक्षा उघडा माल जास्त खपतो. पण नेमक्या याच दोन गोष्टींमुळे गल्ला तुंबत होता. नवा नोकर शंभर प्रकार आणि त्यांचे भाव पाठ करेपर्यंत रांग दारापर्यंत जायची. तबकावर कॅमेरा लावला तर यंत्राला पाव ओळखता येतील का, एवढाच त्याचा प्रश्न होता.

मला या प्रश्नाचं फार मोल वाटतं. ‘आमच्याकडेही काहीतरी एआय बसवा’ असं तो म्हणाला नाही. कुठे अडतंय, का अडतंय आणि ते सुटलं तर पैसा कुठून येणार, हे तो स्वतः ठरवून आला होता. हा हिशेब त्याला कुठल्याही तज्ज्ञानं करून दिला नसता.

काम्बे यांच्या माणसांना बेकरीतलं काही कळत नव्हतं. त्यांनी काम हाती घेतलं आणि मग अडचणी दिसू लागल्या. एकाच भट्टीतून निघालेले दोन पाव सारखे नसतात. एक जास्त फुगतो, एक कडेला करपतो. उलट आत वेगळं सारण असलेले दोन प्रकार वरून जुळे दिसतात. आज आपण म्हणू, हजारो फोटो दाखवा, यंत्र आपोआप शिकेल. पण शिकण्याच्या त्या पद्धतीचा जगभर बोलबाला झाला तो २०१२ नंतर. शिवाय कोणता बेकरीवाला नव्या पावाचे हजार नग निव्वळ फोटोसाठी भाजेल? तेव्हा पाव कशावरून ओळखायचा, हे ब्रेनच्या माणसांना एकेक करून शोधावं लागलं. आकार, रंग, पृष्ठभागाचा पोत, डोनटच्या मधलं भोक. ह्योगो विद्यापीठाची मदत त्यांना झाली.

सगळ्यात जास्त छळलं ते उजेडानं. सकाळी खिडकीतून येणारं ऊन वेगळं, संध्याकाळचा दिवा वेगळा. पावाच्या बाजूला पडणारी सावली यंत्राला पावाचाच करपलेला भाग वाटे. दोन पाव एकमेकांना टेकले की ते एकच धूड समजे. यावर निघालेला तोडगा गणितातला नव्हता. तबक अर्धपारदर्शक केलं आणि त्याच्या खालून दिवा लावला. उजळलेल्या पाटावर पाव ठेवला की सावली नाहीशी होते आणि पावाची कड स्वच्छ दिसते. दुकानात उभं राहिल्याशिवाय असा उपाय सुचत नाही.

दुसरी युक्ती तर मला त्याहून मोठी वाटते. यंत्र पडद्यावर प्रत्येक पावाभोवती रेघ काढतं. ओळख पक्की असेल तर हिरवी, मनात शंका असेल तर पिवळी. पिवळी रेघ दिसली की गल्ल्यावरची बाई पडद्याला बोट लावते, समोर आलेल्या दोन-चार नावांतून बरोबर नाव निवडते, आणि तेवढ्यानं यंत्र पुढच्या वेळेसाठी थोडं शहाणं होतं. नवा पाव बाजारात आणायचा झाला तर त्याचे काही नमुने दुकानातच कॅमेऱ्याखाली ठेवायचे, नाव आणि भाव भरायचा. निशिवाकीहून इंजिनिअर बोलवायची गरज नाही. आपण केव्हा चुकू शकतो हे सांगणारं आणि चूक सुधारायचा अधिकार दुकानातल्या माणसाकडे ठेवणारं यंत्र, खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे.

हे सगळं व्हायला वर्षं लागली. मधेच २००८ ची मंदी आली, कापडवाल्यांची कामं आटली, कंपनी बुडायच्या बेतात आली. काम्बे यांनी उरलेलं बळ याच यंत्रात घातलं. २०१३ मध्ये ‘बेकरीस्कॅन’ नावानं ते विक्रीला आलं. २०२१ पर्यंत जपानमधल्या ४००हून अधिक बेकऱ्यांत ते पोचलं होतं; किंमत साधारण २०,००० डॉलर. पुढे क्योतोच्या लुई पाश्चर वैद्यकीय संशोधन केंद्रातल्या एका डॉक्टरांनी टीव्हीवर हे यंत्र पाहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी पावासारख्याच दिसतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून पेशी तपासणारं ‘सायटो-आयस्कॅन’ तयार झालं. देवळातले ताईत ओळखणं, गोळ्या-औषधांची शहानिशा करणं, अशा कामांनाही हीच विद्या लागली.

बाहेरचा माणूस न बोलावता काय होतं, याचंही जपानातच एक उदाहरण आहे. शिझुओका प्रांतातल्या कोसाईचे माकोतो कोइके पूर्वी मोटारउद्योगात इंजिनिअर होते, मग घरच्या काकडीच्या शेतीत आले. त्यांच्याकडे काकडी नऊ प्रतींत निवडली जाते आणि ते काम आई करायची. भर हंगामात दिवसाचे आठ तास त्यातच जात. कोइके यांनी गूगलचं मोफत मिळणारं टेन्सरफ्लो हे सॉफ्टवेअर घेतलं, आईनं प्रतवारी केलेल्या काकड्यांचे ७,००० फोटो काढले आणि २०१६ मध्ये निवडणीचं यंत्र स्वतः जुळवलं. चाचणीत ते ९५ टक्क्यांच्या वर अचूक निघालं. प्रत्यक्ष कामाला लावलं तेव्हा अचूकता ७० टक्क्यांच्या आसपास आली. शिकवायला फोटो कमी पडले असावेत, असा कोइके यांचा अंदाज होता. शिवाय घरच्या संगणकाला झेपावं म्हणून चित्रं ८० बाय ८० ठिपक्यांपर्यंत लहान केली होती, त्यात बारीक ओरखडा दिसेना. एकट्या शेतकऱ्यानं एवढं करावं याचं कौतुक आहेच. पण हा सुमारे २५ टक्क्यांचा फरक तज्ज्ञाच्या प्रात्यक्षिकालाही लागू आहे. त्यानं आपल्या लॅपटॉपवर दाखवलेला आकडा त्याच्या लॅपटॉपपुरता. तुमच्या दुकानातल्या उजेडात, तुमच्या मालावर येईल तो आकडा खरा.

आणखी एक जुनी गोष्ट, मोठ्या कंपनीची, पण शिकण्यासारखी. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनला व्हॅक्स संगणकाच्या मागणीप्रमाणे सुटे भाग जुळवणं जड जात होतं. १९७८ मध्ये त्यांच्यासाठी हे काम कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या जॉन मॅकडरमॉट यांनी हाती घेतलं. कंपनीतल्या जाणकारांना विचारून त्यांनी ‘असं असेल तर तसं करा’ या धर्तीचे नियम संगणकात घातले. १९८० पासून ती प्रणाली रोजच्या कामाला लागली, तिनं कंपनीचे कोट्यवधी डॉलर वाचवले. पण नवा माल आला की नवे नियम लागत. नियम शेकड्यांवरून हजारांवर गेले आणि ते सांभाळायला कंपनीला कायमची वेगळी माणसं ठेवावी लागली. लहान दुकानाला हा खर्च पेलणारा नाही.

आज असे सल्लागार आपल्याकडेही गल्लोगल्ली मिळतील. फरसाणवाला, साडीवाला, सुट्या भागांचा कारखानदार, कुणीही त्यांना जरूर बोलवावं. घरबसल्या सगळं जमतं असं नाही. मात्र अडचण कोणती, हे स्वतः लिहून काढा. तज्ज्ञाला आधी चार दिवस गल्ल्यावर उभं राहू द्या. सगळी खाती धंद्याच्या नावावर उघडा, त्याच्या नावावर नको. गिऱ्हाइकांचे फोन नंबर त्याच्या हाती देत असाल तर लक्षात ठेवा, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार काम बाहेर दिलं तरी जबाबदारी तुमचीच राहते. आणि यंत्र बसल्यावर एखादा नवा माल त्याला शिकवायचं काम तज्ज्ञाला बाजूला बसवून आपल्या गल्ल्यावरच्या माणसाला सांगा. त्याला ते जमलं, की मग शेवटचा हप्ता द्या.