यॉर्कशायर टेरियर : लहान देह, दीर्घ जबाबदारी

हडपसरच्या सदनिकांत राहणाऱ्या कुटुंबांना लहान चणीचा श्वान सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. जेमतेम तीन किलो वजनाचा, रेशमी केसांचा यॉर्कशायर टेरियर म्हणूनच चटकन मनात भरतो. परंतु रूपावर भुलण्याआधी त्याचा स्वभाव जाणून घ्यावा. 19व्या शतकात इंग्लंडमधील गिरण्यांतील उंदीर मारण्यासाठी हा श्वान पाळला जाई. तो धीटपणा आजही कायम आहे. जरा चाहूल लागली की तो भुंकतो, मोठ्या कुत्र्यावरही धावून जातो. त्याला गोदामात उंदरांमागे सोडणे म्हणजे हिंसेला निमंत्रण होय. त्याची धावण्याची हौस चेंडूच्या खेळाने भागवावी.

त्याचे केस सतत वाढतात, म्हणून ते रोज विंचरावे लागतात. श्वासनलिका नाजूक असल्याने गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. दातही नियमित घासावेत. पिल्लू फार वेळ उपाशी राहिल्यास त्याच्या रक्तातील साखर घटते. घरात सर्वांचा उपवास असला तरी त्याचे खाणे चुकवू नये. कांदा-लसूण आपल्या स्वयंपाकघरात नसतोच. परंतु शिऱ्यातील बेदाणा आणि मुलांचे चॉकलेटही त्याला विषासमान असते. शाकाहारी आहार पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच ठरवावा. केवळ दूध-पोळी पुरेशी नाही. महापालिकेचा परवाना व रेबीजची लस आवश्यक आहे.

या श्वानाचे आयुर्मान साधारण 12 ते 15 वर्षे असते. हट्ट धरणारी मुले तोवर शिक्षणासाठी परगावी गेलेली असतील. तेव्हा त्याला कोण सांभाळणार, हे आधी ठरवणे हीच खरी जीवदया.