मुकें झालेलें कुंपण

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत कुंभार पिंपळगांव हें गांव आहे. गोदावरीच्या खोऱ्यांतील ही काळी, कसदार जमीन. कापूस, ऊस, मोसंबी ही या मुलखाची संपत्ति. या संपत्तीला वाटेकरी मात्र पुष्कळ. मोकाट गुरें दिवसां शिरतात, रानडुकरें आणि रोही रात्रीं. पूर्वीं मचाणावर बसून गोफण फिरविणारा राखणदार जें काम करी, तेंच आतां मराठवाड्यांत ठिकठिकाणीं एक लहानशी पेटी करते. शेतकरी तिला ‘झटका मशीन’ म्हणतात.

ही पेटी बहुधा सूर्यप्रकाशावर भरणाऱ्या बॅटरीवर चालते. सुमारें दर सेकंदाला एकदां ती तारेंत विजेचा एक ठोका सोडते. ठोक्याचा दाब कित्येक हजार व्होल्ट असतो. परंतु तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी वेळ टिकतो. म्हणून जनावर दचकतें, मागें फिरतें, पण मरत नाहीं. दोन ठोक्यांमधील विसाव्यांत त्याला तारेपासून दूर होतां येतें. १९३०-४० च्या दशकांत न्यूझीलंडमधील बिल गॅलाघर यांनीं अशा कुंपणाच्या प्रसाराला मोठी चालना दिली.

वीज तारेंतून जनावराच्या अंगांत, तेथून जमिनींत आणि जमिनींतून पेटीजवळ पुरलेल्या सळयांच्या वाटेनें पुन्हां पेटींत येते. हें वर्तुळ कोठेंहि तुटलें, किंवा विजेला मध्येंच आडवाट सांपडली, कीं कुंपण मुकें होतें. पेटी टिकटिक करीत राहते आणि डुकरें खुशाल आंत येतात. अशा वेळीं तारेवर हात ठेवून पाहण्यापेक्षां क्रमानें तपासणी करणें शहाणपणाचें. त्यासाठीं कुंपणाचा खास मापक लागतो. घरगुती मापकाला हे क्षणिक ठोके नीट मोजतां येत नाहींत.

प्रथम पेटी बंद करून तार सोडवावी, पुन्हां चालू करून पेटीच्याच टोकांवर दाब मोजावा. तेथेंच तो कमी भरला तर बॅटरी, तिचीं गंजलेलीं टोकें आणि सौरपटावरची धूळ पाहावी. पेटी ठीक असून तार जोडतांच दाब कोसळला, तर दोष कुंपणांत आहे. मग कुंपण मध्यावर तोडून मोजावें. दाब वाढला तर दोष पलीकडच्या भागांत, न वाढला तर अलीकडच्या. अशा रीतीनें निम्म्याचें निम्में करीत गेल्यास मैलभर तारेंतील दोषहि थोड्या फेऱ्यांत सांपडतो. बहुधा तो साधाच असतो: तारेला टेकलेलें ओलें गवत, तडकलेला इन्सुलेटर, लोखंडी खांबाला लागलेली तार, किंवा नुसता पीळ देऊन केलेला गंजका जोड.

येथें रेडिओहि उपयोगी पडतो. लहान ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, दोन केंद्रांमधील मोकळ्या जागीं लावून कुंपणाच्या कडेनें न्यावा. जेथें ठिणगी उडत असेल तेथें त्याची कडकड एकदम वाढते.

तारेंत दाब भरपूर, तरीहि जनावर दाद देत नाहीं, असें झालें तर संशय जमिनीवर घ्यावा. काळी माती पावसाळ्यांत वीज उत्तम वाहते. उन्हाळ्यांत ती सुकून भेगाळते आणि सळयांची पकड सुटते. जस्ताचा मुलामा दिलेल्या तीन तरी लांब सळया, एकमेकींपासून सुमारें दहा फूट अंतरावर, ओल टिकेल अशा जागीं खोल ठोकाव्या. उन्हाळ्यांत तेथें पाणी घालावें. घरच्या विजेच्या अर्थिंगला मात्र त्या जोडूं नयेत. जमीन अगदींच कोरडी असल्यास एक तार सोडून दुसरी तार या सळयांना जोडतात. मग जनावराचा स्पर्श दोन्ही तारांना झाला कीं जमिनीच्या मदतीवांचूनहि वर्तुळ पुरें होतें.

ही सारी खटपट कंटाळवाणी वाटते. आणि खरा धोका याच कंटाळ्यांत आहे. तोंडाशीं आलेलें पीक एका रात्रींत तुडविलें गेलें म्हणजे संतापलेला माणूस कृषिपंपाची २३० व्होल्टांची वीज सरळ तारेंत सोडावयास धजतो. आंकडा ठोक्याहून लहान, पण ही वीज अखंड वाहणारी. तिच्यानें स्नायु आंखडतात, मूठ सुटत नाहीं, आणि हृदयाचा ताल बिघडतो. महाराष्ट्रांत अशा कुंपणांनीं वाघ मेले आहेत, गुरें मेलीं आहेत, आणि पहाटे पाणी द्यावयास निघालेलीं माणसेंहि मेलीं आहेत. क्वचित् तो मालक स्वतःच असतो. कायद्यानें हा गुन्हा आहे.

शहरांत राहूनहि ज्यांची गांवाकडे वडिलोपार्जित शेती आहे, त्यांनीं सुटींत गेल्यावर कुंपणाला वीज कोठून येते एवढें अवश्य विचारावें. ती पेटींतून येत असेल तर गवत काढावें, सळयांना पाणी घालावें. ती सरळ खांबावरून येत असेल, तर पिकाचा विचार मागाहून करावा आणि आधीं वीज कंपनीच्या माणसाकडून ती जोडणी तोडवून घ्यावी.