पिक्चर ट्यूबसाठी घडवलेली चित्रं

१९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम विक्रीला आला, तेव्हा त्याच्यासोबत पडदा मिळत नसे. पडदा घरात आधीच होता, टीव्हीचा. संगणकाच्या पोटात मॉड्युलेटर नावाची पत्र्याची एक डबी असे. ती चित्राला प्रसारणाच्या लहरीचं रूप देई. वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी खुपसायची, चॅनेल ३६ लावायचा, की काम झालं. त्याच वर्षीचा अमेरिकन कमोडोर ६४ हाही असाच टीव्हीला जोडता येई. घरगुती संगणक मध्यमवर्गाच्या खिशाला परवडला, यात या सोयीचा वाटा फार मोठा आहे. आज चाळीसेक वर्षांनी हीच यंत्रं हौसेने दुरुस्त करणाऱ्यांची खरी अडचणही इथेच सुरू होते. यंत्र जिवंत होतं, पण त्याचं चित्र नव्या सपाट टीव्हीवर नीट उमटत नाही.

याचं कारण पिक्चर ट्यूबच्या काळात आहे. युरोपातल्या आणि आपल्या टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं. ते सेकंदाला ५० वेळा अर्धं-अर्धं येई, एकदा विषम ओळी आणि एकदा सम. घरगुती संगणकांनी यात काटकसर केली. दर वेळी साधारण ३१२ ओळींचं चित्र त्याच त्या ओळींवर रेखायचं, मधल्या ओळी काळ्या राहू द्यायच्या. पिक्चर ट्यूबला यात काहीच वावगं वाटत नसे. नवा टीव्ही मात्र या चित्राला अर्धवट समजतो आणि दोन चित्रं एकमेकांत विणून पूर्ण करायला जातो. मग पळणाऱ्या आकृतीच्या कडा फणीच्या दातांसारख्या फाटतात आणि कळ दाबल्यावर पडद्यावर हालचाल उशिरा दिसते. काही टीव्ही तर ‘नो सिग्नल’ म्हणून मोकळे होतात. पीसीच्या मॉनिटरचाही उपयोग नाही. या संगणकांच्या ओळी सेकंदाला साधारण १५,६०० या गतीने येतात, तर १९८७ च्या व्हीजीएपासून पुढचे बहुतेक मॉनिटर ३१,५०० च्या आसपासच सुरू होतात.

बाजारात पिवळ्या पिनेतून चित्र घेऊन एचडीएमआय देणाऱ्या स्वस्त डब्या मिळतात. माझं मत विचाराल तर त्या घेऊ नका. पिवळ्या पिनेत उजेड आणि रंग एकाच तारेत मिसळलेले असतात आणि ते वेगळे करण्याचं काम या डब्या ढिसाळपणे करतात. शिवाय अनेक डब्या सेकंदाला ५० चित्रांची ६० करतात. म्हणजे सेकंदाला दहा चित्रं दोनदा दिसतात आणि सरकणारी पार्श्वभूमी अडखळत चालते.

चित्र जितकं ते तयार करणाऱ्या चिपच्या जवळून घ्याल तितकं ते स्वच्छ मिळतं. कमोडोर ६४ च्या मागच्या सॉकेटात उजेड आणि रंग वेगवेगळ्या पिनांवर आहेत. १९८५ च्या अमिगात तांबडा, हिरवा, निळा असे तिन्ही रंग सुटे मिळतात. असे सुटे रंग ओएसएससीसारख्या रूपांतर करणाऱ्या यंत्राला द्यावेत. मार्कुस हीएन्कारी या फिनलंडच्या अभियंत्याने त्याची रचना सर्वांसाठी खुली ठेवली आहे. हे यंत्र अख्खं चित्र साठवून बसत नाही. आलेली प्रत्येक ओळ दोन, तीन, चार, पाच वेळा पुढे धाडतं, त्यामुळे उशीर जवळजवळ होतच नाही. सेकंदाची ५० चित्रंही ५० च राहतात.

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रोची गोष्ट मला सर्वांत आवडते. १९८१ च्या या संगणकाच्या रंगांच्या सॉकेटातून प्रत्येक रंग ‘आहे’ किंवा ‘नाही’ इतकंच सांगितलं जातं, म्हणून रंग आठच. पण ही माहिती मुळातच डिजिटल असल्यामुळे काही न गमावता जशीच्या तशी वाचता येते. आरजीबी-टू-एचडीएमआय नावाचं हौशी मंडळींनी रचलेलं छोटं सर्किट नेमकं तेच करतं, आणि त्याच्या मुळाशी आहे २०१५ चा इवलासा रास्पबेरी पाय झिरो. त्यातला प्रोसेसर एआरएम घराण्यातला. हे घराणं सुरू केलं एकॉर्नच्याच सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी. बीबीसी मायक्रो घडवण्यातही दोघांचा हात होता, आणि १९८५ साली पहिली एआरएम चिप बीबीसी मायक्रोला जोडूनच चालवून पाहिली गेली. आज त्याच यंत्राचं चित्र नव्या पडद्यावर पोहोचवतो तो त्याच्याच आधाराने वाढलेल्या चिपचा वंशज.

मात्र चिपच्या जवळ जाण्याचा नियम सगळीकडे लावता येत नाही. १९७७ च्या ॲपल टूमध्ये स्टीव्ह वॉझ्नियॅकने रंगांसाठी वेगळं सर्किट जवळपास ठेवलंच नाही. पांढरे ठिपके अशा गतीने पाठवले की अमेरिकन टीव्ही त्यांनाच रंगाचा संकेत समजे. ठिपका सम जागी असेल तर जांभळा, विषम जागी असेल तर हिरवा, लागून दोन आले की पांढरा. हे ठिपके कोरडेपणाने वाचले तर रंग नाहीसे होऊन उरतात काळ्या-पांढऱ्या रेघा. कमोडोरच्या चित्रकारांनीही शेजारच्या ओळींचे रंग मिसळण्याची, युरोपातल्या ‘पाल’ (PAL) पद्धतीच्या टीव्हीची सवय ओळखून कागदोपत्री नसलेल्या छटा काढल्या होत्या. अशा यंत्रांसाठी जुन्या टीव्हीच्या वागण्याची नक्कल करणारं रूपांतर लागतं, आणि ते चांगलं जमवणारी मंडळी मला कलाकृतींच्या जतनकारांइतकीच मोलाची वाटतात. पडद्याला टेकवून वापरायची प्रकाशलेखणी (लाइट पेन) मात्र कायमची गेली. ती ट्यूबमधल्या धावत्या किरणाचा वेध घेई, आणि सपाट पडद्यात तो किरणच नाही.

हा सगळा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्या शाळांत बीबीसी मायक्रो आले. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लस परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम’ म्हणून विकला. तो माळ्यावर सापडला तर भंगारात देऊ नका. आधी पॉवर सप्लाय तपासा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि पिनेचा मधला भाग ऋण असतो. हल्लीचे बहुतेक ॲडॅप्टर उलटे असतात, तसा एखादा लावलात तर यंत्र जळेल. मॉड्युलेटरकडे जाणारी चित्राची तार सोडवून थेट मागच्या सॉकेटला जोडता येते आणि पुढे पूर्ववतही करता येते. एवढा बदल पुरेसा आहे. एचडीएमआयसाठी मूळ खोक्याला भोक मात्र पाडू नका. रूपांतराची यंत्रं दर काही वर्षांनी सुधारतील, पण डीबी स्पेक्ट्रम आता नव्याने बनणार नाही.