न उतरलेला वृषण
गर्भावस्थेंत मुलाचे वृषण पोटांत तयार होतात व जन्मापूर्वीं खालीं पिशवींत उतरतात. पूर्ण दिवसांच्या १०० मुलांपैकीं सुमारें ३ मुलांत मात्र एखादा वाटेंतच अडकतो. बहुधा पहिल्या ६ महिन्यांत तो आपोआप उतरतो. पुढें वाट पाहण्यांत हानीच आहे. शरीरांतील उष्णतेनें त्याची बीजशक्ति क्षीण होते व कर्करोगाचा संभवहि वाढतो.

शस्त्रक्रियेची रीत वृषणाच्या स्थानावरून ठरते. एडिंबरो येथें थॉमस अ‍ॅनंडेल यांनीं १८७७ सालीं वृषण पिशवींत आणून टांक्यानें स्थिर केला. आजहि तो जांघेंत हातास लागल्यास तेथें छेद घेतात. सोबतचा अंतर्गळहि त्याच वेळीं बंद करतां येतो. पिशवीच्या तोंडाशीं असल्यास पिशवीवरील एकच छेद पुरतो. हातास न लागणारा वृषण पोटांत दुर्बीण घालून शोधतात. त्याच्या रक्तवाहिन्या फार आंखूड असल्या, तर फाउलर व स्टीफन्स यांच्या १९५९ च्या रीतीनें त्या तोडतात. मग लहान वाहिन्यांवर तो जगतो, पण सुकण्याचा धोका अधिक.

रीत शल्यवैद्य निवडील; परंतु ६ ते १८ महिन्यांच्या वयांतच शस्त्रक्रिया व्हावी, ही दक्षता आईबापांची. संकोचानें ही वेळ दवडूं नये.